दारातलं मागणं

"म्या तं अजून तोंडच उघडलं नाई मुन्शीजी, अन् तुमचं लिवूनही झालं?"

धुरपताने असं विचारलं, तेव्हा कुठे रूपराव अर्जनवीसांनी मान वर केली. वर्ध्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल मांडल्याला बावीस वर्षं झाली होती. सकाळी गिऱ्हाईक नसलं की ते अर्जांची इंग्रजी सुरुवात आणि इंग्रजी शेवट लिहून गठ्ठा करून ठेवत. मधली जागा तेवढी कोरी. कोणाची गाय कोंडवाड्यात गेली, कोणाच्या शेताचा धुरा शेजाऱ्याने कोरला, ते मागाहून मधात भरायचं. गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याची नम्रता तयार असायची.

"वरचं सर्वाईचंच असते," रूपराव म्हणाले. "तुह्यं मधात येईल. बोल."

बोलायला तर ती दहा कोस तुडवत आली होती. सिंदीकडच्या तिच्या गावात वस्तीने दसऱ्यापासून मेलेली ढोरं ओढणं सोडलं, म्हणून गावाने होळीला सरकारी विहिरीची वाट बोराटीच्या काट्यांनी बंद केली. बायका नाल्यात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या आणि वैशाख लागताच तो झिराही आटत चालला होता. कलेक्टर उद्या दौऱ्यावर निघणार होते. कागद आजच आत जायला हवा होता.

तरी ती म्हणाली, "आधी वरचं वाचा."

"आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट," रूपरावांनी ऐटीत वाचलं. मग शब्दावर बोट ठेवत अर्थ सांगितला. "मी. अत्यंत. नम्रपणे. कळवते."

धुरपता जिनात कापसातला कचरा निवडायची. तिच्या नजरेतून काडी सुटत नसे.

"एक सोडला तुमी. चौथा. त्याच्यावरून बोट घसरलं तुमचं."

मागे नंबर लावून बसलेला तानबा कावला. हा शेतकरी सकाळपासून ताटकळला होता. "अवो बाई, लिवू दे ना त्याईले! ऊन चढून राह्यलं."

"बेग," रूपराव नाइलाजाने म्हणाले. "म्हंजे मागणं."

"कसं मागणं? दुकानात मागतो तसं, का दारात मागतो तसं?"

रूपरावांनी टाकाचं टोक चिंधीला पुसलं. एरवी ते सरळ खोटं बोलून मोकळे झाले असते, पण आपल्या धंद्यातल्या शब्दाबद्दल त्यांना खोटं बोलवेना. "दारात," ते म्हणाले.

धुरपताच्या अंगाची लाही लाही झाली. तिची सासू जन्मभर टोपली घेऊन दारोदार हिंडली होती. भाकर वरून टाकली जायची, हाताला हात लागू नये म्हणून. सासूच्या मागे ती टोपली धुरपताच्या काखेत आली, आणि दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर तिने ती आपल्या हाताने चुलीत घातली. आता तेच मागणं इंग्रजी होऊन तिच्या कागदाच्या डोक्यावर बसलं होतं!

"ते मागणं जाळलं आमी. दुसरा शब्द लिवा."

रूपरावांनी कुरकुरत कोरा कागद घेतला. "मंग 'प्रे' घालतो. प्रार्थना करणं."

"साहेब काय देव हाय? अन् देवापुढंही हात जोडणं सोडलं आमी."

"'रिक्वेस्ट'? विनंती. भल्या घरचे लोक वापरतात. तुमची सायकल घडीभर द्या, असं."

"सायकल ज्याची, त्याले विनंती. इहीर कोनाची हाय?"

"सरकारी. सर्वाईची."

"म्हंजे माहीही. मंग विनंती काऊन करू?"

तानबा आता पुढे सरकून ऐकत होता. रूपरावांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"एकच उरला. डिमांड. मागणीच, पण हक्काची. गिरणीचे मजूर संपात लिहितात."

"त्याच्यात हात पसरा लागते?"

"नाई."

"मंग तोच."

"अवो पण बावीस वर्षांत हा शब्द माह्या हातून कलेक्टरपुढं गेला नाई! बेग असला की कागद सरकते."

"माह्या देरानं होळीपासून दोन कागद तुमच्याकडूनच लिवून नेले. दोन्ही बेगवाले. सरकले?"

रूपरावांनी टाक दौतीत बुडवला. काटे, झिरा, वस्तीतली बत्तीस घरं, सगळं तिने सांगितलं आणि सगळं कागदावर उतरलं. लिहून झाल्यावर ते इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "खरं सांगतो, धुरपताबाई. आतला बाबू मले बोलावंल. डिमांड खोड अन् बेग घाल म्हणंल. मले रोज इथंच बसा लागते. मी घालून देईन."

धुरपताला त्यांचा राग आला नाही. खरं बोलणारा माणूस तिला वर्ध्यात आज पहिल्यांदा भेटला होता. तिने अंगठ्याच्या जांभळ्या शाईची डबी ओढली. रूपराव कागदाच्या तळाशी अंगठ्याची जागा दाखवू लागले, तर तिने त्यांचा हात बाजूला सारला.

"तो शब्द कोनता, ते दाखवा."

त्यांनी दाखवला. धुरपताने शाईचा अंगठा नेमका त्या शब्दावर टेकवला आणि दाबून धरला. उचलला तेव्हा अंगठ्याच्या रेषांमधून काळी अक्षरं साफ दिसत होती.

"आता खोडा म्हना बाबूले. माह्या आंगठ्यासकट खोडा लागंन."

कागद तिने उचलला, आणि अंगठा पदराला न पुसता ती कचेरीच्या पायऱ्या चढू लागली.