कमी रेंजचा राउटर

तीन दुकानं पालथी घालून इराप्पा दमला होता. राजारामपुरीतल्या या चौथ्या दुकानातही त्याने तेच सांगितलं, "भिंतीपलीकडं रेंज जाणार न्हाय, असा राउटर द्या."

दुकानदार अतुल हसला. "पावणं, लोकं रेंज जास्त मागत्यात. पलीकडं कोण हाय?"

"धाकटा भाऊ. वाटणी झाली, दोघांनी नवी घरं बांधली, पण मधली भिंत एकच. चार वर्षं बोलणं न्हाय. माझ्या नेटवर त्यानं फुकट बसू नये. पासवर्ड काय, आजकाल कुणीबी काढतंय."

"मग वायर टाका की खोलीखोलीत."

"रंग कालच झालाय. भिंतीला भोक पाडलं तर बायको मलाच टांगंल."

अतुलने सगळ्यात बारका राउटर काढला. "ह्याची रेंज माडीवर तुमच्याच माणसांना मिळायची न्हाय."

इराप्पा घुटमळला. लेकीच्या, शांभवीच्या, नव्या लॅपटॉपसाठीच तर सगळी पायपीट चालली होती, आणि तिची खोली माडीवरच होती. पण आता पाचवं दुकान चढायचं त्राण नव्हतं. "चालंल," तो म्हणाला आणि राउटर बसवायला कुठे यायचं, तो पत्ता सांगू लागला.

लिहिता लिहिता अतुल थांबला. "तुमच्या भावाकडं गेल्या महिन्यात मीच बसवलाय. सगळ्यात जास्त रेंजचा घेतला त्यांनी. पासवर्ड मातर घालू दिला न्हाय."

"का वो?"

"म्हणाले, पलीकडं पुतणी बारावीला हाय, आणि आमचा दादा मेला तरी मागायचा न्हाय."