थोरल्याचं वजन

"बाळाचं वजन किती भरलं?" बुरुलबाईंनी विचारलं. नजर फरशीवर होती.

"चार किलो आठशे," नुरजामाल म्हणाली. "एवढ्या मोठ्या बाळानंतर गर्भपिशवी थकते, बाई. आकसत नाही. मग रक्त थांबत नाही."

नुरजामाल गावातली सुईण. तिच्या बाहीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. ते बुरुलबाईंच्या सुनेचं, जिबेकचं होतं. बाळंतपण गावातच झालं. रक्त थांबेना, तेव्हा घाट उतरून तिला शहरातल्या इस्पितळात आणावं लागलं. आता दार बंद होतं आणि दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या.

बुरुलबाईंना वसंतातली ती दुपार आठवत होती. नुरजामाल तपासायला घरी आली होती. जिबेकच्या पोटावरून हात फिरवून ती म्हणाली होती, "पोट मोठं लागतंय. थोरला किती किलोचा होता?"

थोरला राजधानीत, बिश्केकला जन्मला होता. दवाखान्याचे कागद तिकडेच राहिले होते. सासूच्या देखत सुनेनं उत्तर द्यायचं नसतं, म्हणून जिबेकनं सासूकडे पाहिलं. थोरला साडेचार किलोचा होता. पण नातवाचं खरं वजन सांगून कोणती आजी त्याला दृष्ट लावून घेईल?

"तीन किलो," बुरुलबाई म्हणाल्या होत्या. "अगदीच वाळका. बघवत नव्हता." आणि दृष्ट जावी म्हणून त्या खांद्यावरून थू थू करून थुंकल्या होत्या. जिबेकनं मान खाली घातली. नुरजामालनं मान डोलावली आणि चहा पिऊन ती निघून गेली.

उभ्या आयुष्यात बुरुलबाईंनी गावच्या शाळेत गणिताच्या पेपरात कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता. सरपंचाच्या मुलालाही नाही.

दार उघडलं. डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. "वाचली," ते म्हणाले. "गर्भपिशवी मात्र काढावी लागली."

ते आत गेले. बुरुलबाईंनी फरशीवरची नजर वर उचलली. मग म्हणाल्या, "नुरजामाल, थोरला साडेचार किलोचा होता. मी तुला खोटं सांगितलं."

नुरजामाल थकल्या आवाजात म्हणाली, "सगळ्याच आज्या खोटं सांगतात, बाई. त्यांचं ऐकलं तर आपल्या गावात नुसती उंदराची पिल्लंच जन्मलीत. मला ते सवयीचं झालंय. त्या सांगतील त्यात मी मनातल्या मनात दीड किलो मिळवते. चारच्या वर गेलं, की दिवस भरायच्या आधीच बाईला शहरात पाठवते."

बुरुलबाईंच्या छातीवरचा दगड जरासा हलला. म्हणजे चूक त्यांच्या एकटीची नव्हती. हिलाही कळायला हवं होतं.

"मग जिबेकला का नाही पाठवलंस?" त्यांनी विचारलं. आवाजाला नकळत वर्गातली धार आली.

नुरजामाल उठून उभी राहिली. पूर्वी फळ्याजवळ उभी राहायची, तशीच.

"तुमच्या आकड्यात कसं काय मिळवणार, बाई?" ती म्हणाली. "बेरीज मला तुम्हीच शिकवलीत."