कुणाचा बांध किती पावलं

दुसरीच्या बाईंनी मुलांना गृहपाठ दिला होता: घरातलं, शेतातलं काहीही मोजा, वितीनं मोजा, पावलांनी मोजा, पण आकड्यापुढं माप लिहा.

त्याच दिवशी तेजस्विनीची आत्या डिंगोऱ्याहून माहेरी आली. दोघा भावांनी तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवून घोडेगावच्या कचेरीत नेलं आणि वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही घेऊन परत आणलं. येताना उसाचा रसही पाजला. घरी वहिनीनं कुंकू लावून, नवी साडी देऊन तिची ओटी भरली.

तेवढ्यात तेजस्विनी वही घेऊन शेतातून पळत आली. “पप्पा, आपल्या वाट्याचा बांध दोनशे दहा पावलं. काकांचा दोनशे पाच.”

“पाच कमी कशी?” काका लगेच म्हणाले. “माझ्याकडं ढांगा टाकल्या असशील. उद्या परत मोज.”

“आन् आत्या, तुझा किती?”

“आत्याचं न्हाई लिहायचं,” पप्पा म्हणाले. “आक्काला तिकडं काय कमी हाय?”

तेजस्विनी पेन्सिल धरून आत्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आत्यानं मांडीवरच्या नव्या साडीची घडी सारखी केली.


“लिही बाळा, सहा वार. ब्लाउजपीस धरून.”