होड्या परतेपर्यंत

डॉ. कालिंदी रेगे यांनी छत्रीचे टोक चौथऱ्यावर आपटले. लोककथेतली कोळीण पुतळा समितीने किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये उभी केली होती: हातात दिवा, पाठ समुद्राकडे, तोंड कॅमेऱ्यांकडे. "नवऱ्याची वाट पाहता पाहता शिळा झालेली बाई समुद्राकडे पाठ फिरवते? या विद्वानांनी माझा ग्रंथ उघडला तरी होता का?"

पायथ्याशी सुकट विकणारी चांगुणाबाय हसली. चाळीस वर्षांपूर्वी ही कथा तिनेच त्यांना सांगितली होती. "तुझंच पुस्तक वाचून बनवलाय गो. पण ती शिळा झाली, असं मी कधी बोलले?"

"ती वाट पाहत उभी राहिली, तिथेच तर तुम्ही थांबलात."

"होड्या दर्यात असताना आम्ही गोष्ट पुरी करत नाय. तू तेव्हा दुपारची एसटी पकडून गेलीस."

ज्या शेवटावर डॉक्टरेट, दोन पारितोषिके आणि आता हा पुतळा उभा होता, तो शेवटच नव्हता. कालिंदीबाईंचा आवाज प्रथमच खाली आला. "मग पुढे काय झालं तिचं?"

चांगुणाबायने रिकाम्या क्षितिजाकडे पाहिले आणि बाजूची टोपली सरकवली. "बस."

दुपारची एसटी सुटली, तरी कालिंदीबाई समुद्राकडे तोंड करून बसून राहिल्या.