चतुर्थीचा उंदीर

“चतुर्थीला पहिला घास गणपतीच्या उंदराला ठेवायचा, सत्यभामा. आन् आपल्या हातचं जेवलं, त्याला मारायचं न्हाई. दे शब्द.”

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. शब्द सत्यभामाबाईंनी तेव्हाच दिला होता. आज सकाळी ओसरीवर तारेच्या पिंजऱ्यातला इवलासा जीव बघताना तो आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला.

पिंजऱ्यापलीकडे त्यांचे यजमान आप्पाराव बसले होते. हातात उंदीर मारायच्या औषधाची पुडी. दिवाळीची साफसफाई काढली, तर बियाण्याच्या खोलीत फरशीखाली बीळ निघालं होतं. दारामागे मातीचा ढीग, आणि पुढच्या पेरणीसाठी ठेवलेल्या सोयाबीनच्या दोन पोत्यांना खालून भोकं.

“ठरलं तसं,” आप्पाराव म्हणाले. “उंदीर निघाला तर तुझ्या देवाचा. पुडी दुकानात वापस. घूस निघाली तर आत्ता बिळात टाकतो. न्याय पोरगी करील.”

पोरगी म्हणजे त्यांची पुतणी वैष्णवी. बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. काकूंचा फोन आला तशी पहिल्या एसटीनं नेकनूरला येऊन ती आता पिंजऱ्यासमोर चक्क पालथी पडली होती.

“उंदीरच हाय,” सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. “घूस केवढी असती, मांजराएवढी. आन् मी वळखते की ह्याला. आखाडापासून देवघराच्या कोपऱ्यात येतो. तीन चतुर्थ्या झाल्या, आज चौथी. खोबऱ्याचा तुकडा माझ्यासमोर खातो.”

“आखाडापासून हाच?” वैष्णवीनं मान वर केली.

“हाच.”

“आन् एवढाच?”

“एवढाच. देवाचा हाय, वाढंल कशाला?”

वैष्णवीनं ओठ दाबून हसू आवरलं. आप्पारावांनी आवरलं नाही.

“काकू, इकडं या. उंदराचे कान मोठे असतात, पाय बारीक आन् तोंड टोकदार. ह्याचं बघा. कान बारके, तोंड बोथट, अंगाच्या मानानं डोकं केवढं! आन् मागचे पाय तर बापाच्या चपला घातल्यावानी. हा वाढलेला उंदीर न्हाई. हे पिल्लू हाय. घुशीचं.”

“पर पिल्लू तीन महिने तेवढंच कसं राहील गं?”

“राहत न्हाई, तेच म्हनते मी. एक तर हा पुरा वाढलेला उंदीर असंल, म्हनून वाढला न्हाई. न्हाई तर दर चतुर्थीला तुमच्याकडं येगळं पिल्लू आलं. पाय बघितले, पहिलं कटलं. काय राहिलं?”

सत्यभामाबाईंनी मनातल्या मनात चतुर्थ्या उलट्या मोजल्या. “म्हंजे आखाडात जेवला, तो...”

“आता पोत्यापाशी असतो,” आप्पाराव म्हणाले. “तू बाळसं दिलं, पुढचं मी बघितलं.”

“पर उंदराचं आन् घुशीचं नातं हाय का काही?” सत्यभामाबाईंनी शेवटचं विचारून पाहिलं.

“हाय ना. गण एक, कुळ एक. पुढं वाटा येगळ्या.”

“कुळ एक म्हंजे भावकी!” आप्पाराव गुडघ्यावर हात टेकून उठले. “तरीच म्हनलं एवढं नुकसान कावून.” पुडीचा कोपरा त्यांनी नखानं फाडायला घेतला.

“थांबा.”

आवाज चढवायची सत्यभामाबाईंना सवय नव्हती. आत्ताही चढला नाही. पण आप्पारावांचं नख थांबलं.

“वाढताना मी कोन, कुठला इचारलं न्हाई. जेवल्यावर आता कसं इचारू? सापडंल त्याला मी नेऊन सोडते. ओढ्यापल्याड, माळावर. रोज.”

“रोज? किती असतील गं, वैष्णवी?”

“एका खेपेला सात-आठ तरी.”

“आन् खेपा चार.” आप्पारावांनी बायकोकडे पाहिलं. “तीस दिवस जाशील? जाऊन-येऊन तीन मैल?”

“सोळा सोमवार केले. चातुर्मासात चप्पल सोडली. हे काय लई हाय?”

आप्पारावांनी पुडीला पुन्हा घडी घातली आणि ती वरच्या खिशात ठेवली.

“बियाणं आजच पत्र्याच्या कोठीत भरतो. पुढच्या चतुर्थीपत्तर मुदत. त्या दिवशी ताजी माती दिसली की पुडी. मग मधी पडायचं न्हाई.”

“न्हाई पडनार.”

“आन् काकू,” वैष्णवी कपडे झटकत म्हणाली, “इथून पुढं घास ठेवायच्या आधी मला फोटो पाठवा. मागचे पाय दिसले पायजेत.”

सत्यभामाबाई देवघरात गेल्या. ताटलीतला खोबऱ्याचा तुकडा त्यांनी आणला आणि तारेतून आत सरकवला. पिल्लू क्षणभर दबलं, मग दोन्ही हातांनी तुकडा धरून कुरतडू लागलं. ऊन लागू नये म्हणून पिंजऱ्यावर त्यांनी जुनं धुतलेलं फडकं टाकलं.

फाटकाशी पोचल्यावर त्या वळल्या.

“दुपारी पिंजरा परत लावायचाय. खोबरं किसू नका. तुकडा ठेवा, तुकडा आवडतो त्यांना.”

आणि उपाशीपोटी, अनवाणी, पिंजरा जराही हलू न देता त्या ओढ्याच्या वाटेला लागल्या.