सांगितल्याप्रमाणे

माझा नवरा रायपूरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. प्रयोगातला उंदीर म्हणून आज भर वर्गात त्यानं मलाच बसवलं. "बटण सावकाश दाब, हिरवा दिवा लागेल." आधी लागत होता. मग त्यानं गुपचूप खटका फिरवला. आता भराभर दाबलं तरच दिवा लागणार. मी सांगितल्याप्रमाणे सावकाशच दाबत राहिले. विद्यार्थ्यांना तो हिंदीत म्हणाला, "देखा? नियम बता दो, फिर आदमी नतीजा नहीं देखता." त्यांना कळू नये म्हणून मला मराठीत, "दिवा केव्हाचा बंद, काहून तेच करून राहिली? अक्कल नाही काय तुले?" मी बटणावरचा हात काढला. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतच उत्तर दिलं, "बच्चो, घर में ये हाथ उठाते हैं. माँ ने कहा था, चुप रहो, सुधर जाएँगे. मैंने भी नतीजा नहीं देखा."