दोन वाजताचा फोन

“दार काहून लावता?” आत पाय ठेवताच सिंधूताईंनी विचारलं.

“बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून,” समुपदेशक अदिती मॅडम म्हणाल्या.

“असं लपून बोलाचं तरी काय असते?”

धरमपेठेतली ती खोली सिंधूताईंना पहिल्या नजरेतच आवडली नाही. टेबलावर कागदी रुमालांचा डबा. म्हणजे माणसाला रडवायची तयारी आधीच करून ठेवलेली! मॅडमच्या मांडीवर वही. शेजारच्या खुर्चीत सून सरिता, दीड महिन्यापासून दर बुधवारी इथे येणारी. तिचा नवरा, सिंधूताईंचा प्रशिक, जाऊन अकरा महिने झाले होते. “आज तुम्हीही चला,” असं सरिताच म्हणाली, म्हणून सासूही तिच्याबरोबर जरीपटक्याच्या घरून आली. आली ती एवढंच बघायला, की ही बाई आपल्या सुनेच्या कानात भरते तरी काय.

कारण सून आता घर सोडून जाणार, याबद्दल सिंधूताईंची खात्री पटली होती. कशी पटली, ते मात्र कोणाला सांगायची सोय नव्हती. प्रशिकचा मोबाइल त्यांच्याजवळ होता. अपघातानंतर दवाखान्यातून कपड्यांसोबत मिळाला, तो त्यांनी डाळीच्या डब्यात दडवला आणि सरिताला सांगितलं, हरवला. तेव्हापासून गुपचूप चार्ज करायच्या, दर महिन्याला रिचार्ज मारून आणायच्या. सरिता कामावरून, दुपारी दोनच्या सुट्टीत, त्या नंबरवर फोन लावायची. प्रशिक असताना ‘जेवले का’ विचारायला लावायची, तसाच. रोज. तिचं नाव चमकायचं आणि सिंधूताई ते विझेपर्यंत पाहत बसायच्या. उचलायच्या नाहीत. आणि आता तीन आठवडे झाले, तो फोन येणं बंद झालं होतं.

“तुम्ही हिले काय शिकवून राहिल्या?”

“मी शिकवत नाही, ताई. विचारते फक्त.”

“विचारून विचारूनच घरं फुटतात, मॅडम. प्रशिक गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले आमच्या भंतेजींनी सगळं सांगतलं. अनित्य आहे म्हणे. एका सकाळीत सांगून झालं. तुमचं दीड महिन्यात नाही झालं?”

सरिता ओशाळली. मॅडम हसल्या, तेही सिंधूताईंना खटकलं.

“तुम्हाला कशाची भीती वाटते?”

“मले? मले कायची भीती!”

मॅडम गप्प बसल्या. पुढचं काही विचारेचनात. ती त्यांची रीतच होती, सरिताला ठाऊक होती. सिंधूताईंना कुठून ठाऊक असणार! जरीपटक्याच्या बाजारात माणूस इतका वेळ गप्प बसला तर समजायचं, आता भाव उतरवणार. त्या वाट पाहत राहिल्या. मॅडम काही उतरेनात.

“हिनं फोन लावणं सोडलं!” शेवटी त्याच फुटल्या. “तुम्हीच सांगतलं असंन, विसर त्याले म्हणून!”

सरिताने मान वळवली. “कोणता फोन, आई?”

सिंधूताईंनी जीभ चावली.

“दोन वाजताचा? ते तर मी मॅडमशिवाय कोणालेच नाही सांगतलं.”

आता पळायला जागा नव्हती. “माह्याजवळ आहे,” त्या म्हणाल्या. “त्याचा मोबाइल. पहिल्या दिवसापासून.”

“रिंग जाते, मंग कोणाजवळ तरी असंन, म्हणून पोलीस ठाण्यात चार चकरा मारल्या मी त्याच्यासाठी!” सरिताचा आवाज चिरला. “घरी आली का तुम्ही हातात पाण्याचा गिलास द्यायच्या. अन् म्हणायच्या, जाऊ दे बाई.”

सिंधूताईंना जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. मॅडमनी वही बाजूला ठेवली होती, पण मध्ये पडल्या नाहीत.

“एकदा उचलला काहून नाही?”

“उचलला असता तर दुसऱ्या दिवशी लावला असता का तू? मले वाटे, जोपर्यंत हा वाजते, तोपर्यंत तू आपल्या घरची.”

सरिता ओढणीने डोळे पुसत राहिली.

“मॅडमनं ‘विसर’ असं नाही म्हटलं,” ती बोलली. “त्यानं उचलला तर काय सांगशील, एवढंच विचारलं. मले काहीच सुचलं नाही. तेव्हापासून लावाले धीर नाही झाला.”

“म्हणजे तू घर सोडून जात नाही ना?” सिंधूताईंचा संशय इतक्यात मरणारा नव्हता.

“ते मले अजून माहीत नाही, आई. पण उद्या दोन वाजता लावीन. उचलजा.”

“अन् बोलू काय वं?”

“जेवल्या का, ते सांगजा.”